गज मोजत वाचायची कविता: रिल्केचा ‘पँथर’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

गिरणेकाठच्या उसाच्या फडाशेजारी वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला, त्या सकाळी मीही गर्दीत होतो. पिंजऱ्यावर हिरवी जाळी टाकली होती. वाऱ्यानं तिचा कोपरा उचलला की आतला बिबट्या दिसायचा. गजांवर डोकं आपटून आपटून त्याच्या कपाळाचं कातडं सोललं होतं. कुणी जवळ गेलं की तो सगळ्या अंगानिशी गजांवर यायचा आणि तेवढा जड पिंजरा जागेवरून हलायचा.

पुढे आमच्या शनिवारच्या वाचनकट्ट्यावर मी राइनर मारिया रिल्के या कवीची ‘पँथर’ ही कविता काढली. ती ऐकून बारावीतला एक मुलगा म्हणाला, “सर, बिबट्या असा नसतो. आपण पाहिला तो धडका देत होता. हा तर नुसता फिरतोय.”

कवितेवर इतका चांगला प्रश्न मला फार कमी वेळा कुणी विचारला आहे. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि कविता वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्या सगळ्यांसाठी. कवितेचा ‘अर्थ’ सांगता आला नाही की आपल्याला कविता कळत नाही, असं अनेकांना वाटतं. ही कविता कळायला फक्त नीट बघता यावं लागतं, आणि खानदेशात वाढलेल्या माणसाला गुरं, पाखरं, रान नीट बघता येतं असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: कवितेत काय घडतं ते साध्या वाक्यांत लिहून काढा

मूळ कविता जर्मन आहे. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी. रिल्के 1875 साली प्रागमध्ये जन्मला. 1902 मध्ये तो रोदँ या शिल्पकारावर पुस्तक लिहायला पॅरिसला गेला आणि त्याच सुमारास त्यानं ही कविता लिहिली. 1907 साली ती त्याच्या संग्रहात आली. शीर्षकाखाली त्यानं जागाही नोंदवली आहे: ‘जार्दँ दे प्लांत’. पॅरिसमधली ही वनस्पतिबाग, आणि तिथलं प्राणिसंग्रहालय फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं, 1794 सालचं.

कविता साध्या गद्यात सांगायची तर अशी:

गज डोळ्यांसमोरून सरकत राहून त्याची नजर इतकी दमली आहे की आता तिच्यात काहीच ठरत नाही. त्याला वाटतं, हजार गज आहेत आणि त्या हजार गजांमागे जगच नाही.

पावलं मऊ, पण ताकदीची. लहानात लहान वर्तुळात ती वळत राहतात. एका मध्याभोवती ताकदीनं नाच धरावा तशी ती चाल, आणि त्या मध्यात एक मोठी इच्छा बधिर होऊन उभी.

कधीतरीच डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा आवाज न करता सरकतो. मग एक चित्र आत जातं, अंगाच्या ताणलेल्या शांततेतून पुढे जातं, काळजापर्यंत पोचतं, आणि तिथं संपतं.

एवढीच कविता. हा गोषवारा माझा आहे, तुम्ही तुमचा करा. ‘कवीला असं म्हणायचं आहे’ हे शब्द या पायरीवर वहीत येऊ देऊ नका. आत्ता फक्त घटना लिहायच्या: नजर दमली, पावलं वळली, पडदा सरकला, चित्र आत गेलं, संपलं.

दुसरी पायरी: कवितेत काय नाही, याची यादी करा

नवे वाचक ही पायरी नेहमी गाळतात, म्हणून मी ती आग्रहानं सांगतो.

‘पँथर’ हा शब्द फक्त शीर्षकात आहे. बारा ओळींत त्या प्राण्याचं नाव एकदाही येत नाही, ‘तो’ आणि ‘त्याचा’ एवढ्यावरच काम भागतं. ‘पिंजरा’ हा शब्दही कुठे नाही. रखवालदार नाही, बघायला आलेली माणसं नाहीत, कवी स्वतः नाही. गुरगुरणं नाही. जंगलाची आठवण नाही. रंगसुद्धा सांगितलेला नाही. पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळाभोर प्राणी येतो, पण बिबट्या आणि पँथर हा प्राणी एकच, काळा हा त्याच्यातलाच एक रंग. कवितेतला कुठल्या रंगाचा होता ते कविता सांगत नाही. आणि त्याला सोडून द्या, असंही कुठे म्हटलेलं नाही.

जंगलाची आठवण नसणं मला सगळ्यांत भयंकर वाटतं. दुसऱ्या एखाद्या कवीनं पहिल्याच कडव्यात झाडं, नदी, चांदणं आणून डोळ्यांत पाणी काढलं असतं. इथे गजांमागे जगच उरलेलं नाही. मग आठवण कशाची येणार?

शीर्षकातल्या शब्दाजवळ मराठी वाचकाला थोडं थांबावं लागतं. आपल्याकडे ‘पँथर’ म्हटलं की 1972 साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर आठवते. त्या शब्दात झेप आहे, अंगावर जाण्याची हिंमत आहे. आपण तीच अपेक्षा घेऊन कवितेत शिरतो आणि आत झेप नाहीच. ही अपेक्षा मनातून काढून टाकायची गरज नाही. ती मोडते तेव्हा जो धक्का बसतो, तो मराठी वाचकाचा स्वतःचा धक्का आहे. वहीत लिहून ठेवा.

तिसरी पायरी: कोण हलतंय ते बघा

इथे जास्त वेळ द्या. माझ्या मते कविता इथेच उघडते.

पहिल्या दोन ओळींत नजर दमली आहे, आणि ती दमली आहे गज सरकत राहिल्यामुळे. गज सरकतात? गज तर लोखंडाचे, जमिनीत रोवलेले. हलतोय तो प्राणी. मग कवी उलट का सांगतोय?

भुसावळहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. आपण बाकावर गप्प बसलेले असतो आणि विजेचे खांब मागे पळत असतात. लहानपणी आपण ते मोजायचो. पाचोऱ्यापर्यंत मोजता मोजता डोळे जड व्हायचे, आणि खांबांच्या पलीकडची कपाशी, केळीच्या बागा दिसेनाशा व्हायच्या. फक्त खांब, खांब, खांब. त्या प्राण्याच्या डोळ्यांचं हेच झालं आहे. फरक एवढाच की त्याला स्टेशन येत नाही.

म्हणजे पहिल्याच ओळीत कवीनं आपल्याला गजांच्या आत नेऊन उभं केलं आहे. बाहेर उभं राहिलेल्याला प्राणी हलताना दिसतो. गज हलताना दिसायचे तर डोळे त्या प्राण्याचेच हवेत. कवी ‘मी त्याच्या जागी जाऊन बघतो’ असं म्हणत नाही, एका शब्दाच्या जागेनं आपल्याला तिथं नेतो. पुढच्या वेळी कुठलीही कविता वाचताना आधी हे शोधा: बघणारा कुठे उभा आहे? पायरीवर, बांधावर, घरात, की दुसऱ्याच्या डोळ्यांत?

आता गज मोजा. मूळ कवितेत ‘गज’ या अर्थाचा शब्द पहिल्या कडव्यात तीनदा येतो. जर्मनमध्ये तो ऐकायला ‘श्टेब’सारखा लागतो, आणि त्याला जोडून ‘असते तर’ या अर्थाचं ‘गेब’ येतं. श्टेब, गेब, श्टेब. जर्मन येत नसलं तरी एवढं मोठ्यानं म्हणून बघा. कानात एकामागोमाग एक गज उभे राहतात. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात हा शब्द एकदाही नाही. पिंजरा तोच, गजही तेच. मात्र ते इतके अंगवळणी पडले की कवितेलाही आता दिसत नाहीत.

बारावीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. आपण गिरणेकाठी पाहिला तो बिबट्या आदल्या रात्री अडकलेला होता. त्याला गज हा अडथळा वाटत होता. त्याच्या हिशेबी पलीकडे ऊस होता, नदी होती, म्हणून तो धडका देत होता. रिल्केनं पाहिलेला प्राणी धडका देत नाही, कारण धडक द्यायला पलीकडे काहीतरी असावं लागतं. कवितेत दिवस, महिने, वर्षं कशाचाच उल्लेख नाही. काळ त्या ‘दमली’ या एका क्रियापदात साठलेला आहे. कवितेतला काळ असा क्रियापदांत शोधायचा असतो.

चौथी पायरी: एखादी उपमा आपल्या अंगणात आणून तपासा

दुसऱ्या कडव्यातलं वर्तुळ आणि मध्य समजायला अवघड जातं. ‘मध्यात बधिर होऊन उभी असलेली इच्छा’ म्हणजे काय, हे मुलं हमखास विचारतात.

मी त्यांना खळं आठवायला सांगतो. मळणी यंत्रं गावात आली नव्हती तेव्हा खळ्याच्या मधोमध मेढ रोवायची आणि तिच्याभोवती बैलांची पात फिरवायची. त्यांतल्या ज्यांनी हे पाहिलेलं नाही, त्यांनी घरी आजोबांना विचारावं. बैलही गोलच फिरतात, दिवसभर. पण तिथं मेढ असते, मागे हाकणारा माणूस असतो, आणि पायांखाली ज्वारीचे दाणे सुटत असतात. संध्याकाळी पात सुटते आणि बैल गव्हाणीला लागतात.

या प्राण्याला मेढीला बांधलेलं नाही, कुणी हाकत नाही, पायांखाली काही निघत नाही, आणि पात सुटायची वेळ येत नाही. तरीही तो गोल फिरतो. मग मधोमध काय आहे? कवी म्हणतो, त्याची स्वतःचीच इच्छा, मोठी, पण बधिर झालेली. आतून इतकी जोरकस की सगळं शरीर तिच्याभोवती फिरतं, आणि तिला स्वतःला काही सुचत नाही.

उपमा आपल्याकडच्या गोष्टीशेजारी ठेवली की ती कुठे जुळते हे कळतं, आणि कुठे जुळत नाही हे त्याहून चांगलं कळतं. जुळत नाही त्या जागा वहीत नीट लिहा, कवितेचं काम तिथंच चाललेलं असतं.

पाचवी पायरी: आपल्या भाषेतल्या शब्दाला विचारा

तिसऱ्या कडव्यात डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा सरकतो. मराठीत आपण डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतो. का? कुणाच्याही डोळ्यांत जवळून बघा. आपलंच इवलंसं रूप तिथं उभं असतं, बाहुलीएवढं. गंमत म्हणजे मूळ कवितेतला जर्मन शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाही अर्थ लहानशी बाहुलीच.

मग प्रश्न येतो: पडदा सरकल्यावर आत गेलेलं ते एक चित्र कुणाचं? कविता सांगत नाही. पण पिंजऱ्यासमोर उभा असतो तो बघणारा माणूस. तो कवी असेल, तुम्ही असाल, मी असेन. ते चित्र आपलं असेल तर शेवटच्या ओळीत काळजात जाऊन संपतं ते आपलंच चित्र. आपण त्याच्यापर्यंत पोचलो आणि तिथं आपलं काही उरलं नाही. या अर्थाशी मी कित्येक वर्षांनी पोचलो, तेही फक्त मराठी शब्दामुळे. सगळ्यांनी तो मानावा असा माझा हट्ट नाही.

शेवटच्या ओळीबद्दल आणखी एक. आधीच्या सगळ्या ओळी साधारण एका मापाच्या आहेत, शेवटची मात्र एक पाऊल आखूड. मूळ जर्मन वाचून दाखवणारं कुणी भेटलं तर ऐका. कान पुढच्या पावलाची वाट बघतो आणि पाऊल पडतच नाही.

भाषांतर करताना एका मुलीनं इथे लिहिलं, ‘काळजात होत्याचं नव्हतं झालं’. मला क्षणभर फार आवडलं. पण होत्याचं नव्हतं आपण गारपिटीनंतर म्हणतो, घर जळाल्यावर म्हणतो. त्यात आकांत आहे. मूळ ओळीत आकांत नाही. आम्ही त्यावर पाऊण तास बोललो आणि शेवटी तिनंच ते खोडलं. तो पाऊण तास म्हणजेच कविता समजून घेणं. भाषांतर बरोबर आलं की नाही, हे त्यामानानं दुय्यम आहे. अहिराणीत करून बघा, लेवा बोलीत करून बघा. घरच्या बोलीत खोटा शब्द लगेच कानाला लागतो.

सहावी पायरी: त्या प्राण्याबद्दल थोडं वाचा, पण कविता वाचून झाल्यावर

येरझारा घालणं ही कवीची कल्पना नाही. बंदिस्त जनावरं एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात. प्राणिशास्त्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी 1942 साली बंदिवासातल्या वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. पिंजरा किती मोठा यापेक्षा त्यात त्या प्राण्याला करण्यासारखं काय आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की निसर्गात जे मांसाहारी प्राणी लांबवर भटकतात, तेच पिंजऱ्यात जास्त येरझारा घालतात. हे वाचून पुन्हा पहिल्या कडव्याकडे या. रिल्केनं निदान केलेलं नाही, नुसतं बघितलं. रोदँच्या सहवासात तो हेच शिकत होता: वस्तूसमोर उभं राहायचं आणि ती आपल्याशी बोलेपर्यंत हलायचं नाही.

आपल्याकडे गावोगाव सर्कस यायची तेव्हाचे वाघ-सिंह पाहिलेली माणसं अजून आहेत. 1998 साली केंद्र सरकारनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ करायला बंदी घातली. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, खेळ संपल्यावर तंबूमागच्या पिंजऱ्यात तो वाघ काय करायचा. बहुतेक जण सांगतील, फिरायचा.

सातवी पायरी: आता अर्थाकडे, पण सावकाश

परीक्षेच्या गाइडांनी आपल्याला एक सवय लावली आहे. पिंजरा दिसला की ‘स्वातंत्र्याचे महत्त्व’, प्राणी दिसला की ‘आधुनिक माणसाची घुसमट’. दोन्ही चूक नाहीत. पण ती आधी लिहिली की प्राणी नाहीसा होतो. आधी सहा पायऱ्या त्याच्यासोबत काढल्या असतील तर माणसाकडे वळायला हरकत नाही. सुरतेच्या कारखान्यात बारा-बारा तास एकाच यंत्रासमोर उभं राहून आलेला भाऊ तुमच्या घरात असेल, तर पहिलं कडवं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

खानदेशातल्या वाचकाला इथे एक खरी अडचण येते, आणि ती टाळू नये. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्या भागातली एक बाई आमच्या कट्ट्यावर येते. ती म्हणाली, “भाऊ, पिंजऱ्यात आहे तेच बरं. मला त्याची कीव करायला सांगू नका.” तिला कुणी समजावायला जाऊ नये. तिला जे माहीत आहे ते कवीला माहीत नव्हतं, पॅरिसच्या बागेतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी तिला एवढंच दाखवलं की कवितेत कीव हा शब्द नाही, आणि तिसऱ्या कडव्यातली ती ताणलेली शांतता ही शिकाऱ्याचीच शांतता आहे. ताकद गेलेली नाही. तिनं ते कडवं पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “हां. हे खरं आहे. उडी मारायच्या आधी तो असाच थांबतो.” इतक्या वर्षांत त्या ओळीवर याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. ज्यानं बिबट्याला भ्यायला हवं तसं भिऊन पाहिलंय, त्यालाच ती शांतता ओळखू आली.

सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा लोक वाघदेवाला पूजतात. भीती आणि मान एकाच जागी ठेवायची ही जुनी रीत आहे. या कवितेला मला तीच जागा योग्य वाटते.

शेवटचं काम: वही घेऊन बसा

कविता बाजूला ठेवा आणि एखादा बंदिस्त रानटी जीव पंधरा मिनिटं बघा. त्यासाठी प्राणिसंग्रहालय गाठायची गरज नाही. अनेक घरांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असतो. पोपट रानपक्षी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे पोपट असे पाळता येत नाहीत, हे अनेकांना ठाऊकच नसतं. तुमच्या घरी असेल तर वनखात्याशी बोला. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी नुसता दार उघडून सोडला तर बहुतेकदा जगत नाही.

पंधरा मिनिटं फक्त क्रियापदं लिहायची. ‘बिचारा’ नाही, ‘उदास’ नाही, ‘जणू’ नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी रिल्केपेक्षा पाचच वर्षांनी लहान. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सुगरणीचं घरटं त्यांनी किती जवळून पाहिलं होतं ते त्यांची कविता वाचून कळतं. बघायचं ते तसं.

अमळनेरकडच्या एका मुलीनं मामाच्या ओसरीवरच्या पोपटाशेजारी बसून हे काम केलं. तिच्या वहीतलं पान माझ्यापुढे आहे. वरच्या अर्ध्या पानावर नुसतं हे: चोच घासली. डावीकडे सरकला. उजवीकडे सरकला. चोच घासली. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. अशा चोवीस नोंदी. मग मध्येच एक निराळी: थांबला, माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पुन्हा डावीकडे. आणि पानाच्या तळाशी तिनं घरच्या अहिराणीत एक ओळ लिहिली आहे: तो देखस, पन त्याले काही दिखस नही.